काळ्या मातीची परसबाग: कुदळ कधी आणि कशी मारायची

घरामागे काळी माती आहे आणि पावसाळ्यात भेंडी, गवार, दोडका असं काहीतरी लावायचंय, तर खणायचं काम एप्रिल-मेमधेच काढा, मृगाची वाट बघत बसू नका. पहिला पाऊस पडला की लगेच कुदळ घेऊन उतरणारे खूप जण असतात आणि काळ्या मातीचं खरं नुकसान तिथेच होतं, कारण ही माती चिकण, पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि ओली असताना खणली तर अशी ढेकळं निघतात की वाळल्यावर फोडता फुटत नाहीत. शिवाय ओल्या मातीत पाय पडले की ती दाबली जाते, मग मुळांना ना हवा ना वाट.

म्हणून आधी वाफसा, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशी स्थिती, बघायचा, बाकी सगळं नंतर. चार-पाच इंच खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली टाका. फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, लागा कामाला. नुसता चपटा होऊन पडला तर दोन-तीन दिवस थांबा. उन्हाळ्यात बहुतेक उलटंच असतं, कुदळ आतच जात नाही, तेव्हा भरपूर पाणी सोडा, ते मुरू द्या आणि तीन-चार दिवसांनी परत गोळा करून बघा.

खोली एक वीतभर पुरते, म्हणजे २० ते २५ सेंमी, भाजीपाल्याच्या बहुतेक मुळ्या तेवढ्यातच असतात. एका टोकापासून सुरू करून मागे मागे सरकत खणा म्हणजे खणलेल्यावर पाय पडत नाही. ढेकळं लगेच फोडत बसू नका, उलटी पडलेली तशीच दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. हुमणीच्या अळ्या, किडींचे कोष वर येतात, काही उन्हाने मरतात, काही साळुंक्या-बगळे टिपतात. मग वळवाची एखादी सर आली की तीच ढेकळं आपोआप भुसभुशीत होतात, काळ्या मातीचा हा गुण फार मोठा आहे, तो वापरा आणि कंबर वाचवा. सर आलीच नाही तर पाणी शिंपडून फावड्याच्या पाठीने फोडा.

हराळी आणि लव्हाळा ही तणं मात्र हाताने वेचायची, इथे कंटाळा चालत नाही. लव्हाळ्याच्या जमिनीतल्या गाठी आणि हराळीच्या कांड्या जेवढ्या राहतील तेवढे नवे कोंब येणार. जागा मोठी असेल तर भाड्याने पॉवर वीडर, म्हणजे माती खणणारं छोटं यंत्र, आणायला हरकत नाही पण हराळी असलेल्या तुकड्यात तो फिरवू नका, एका कांडीच्या दहा करून सगळीकडे पसरवतो. आंबा-शेवग्याच्या बुंध्याजवळ पण खोल खणू नका, अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात.

आता खत. १० बाय १० फुटाच्या तुकड्याला २० ते २५ किलो शेणखत, पण पूर्ण कुजलेलं, वास न येणारं, हातात भुगा होणारं. कच्चं शेण टाकलं तर हुमणीला आपणच बोलावल्यासारखं होतं. सोबत अर्धा-एक किलो निंबोळी पेंड, आणि सगळं वरच्या सहा इंचात खुरप्याने मिसळून घ्या. माती हलकी करायला दोन घमेली वाळू टाका असं बरेच जण सांगतात, माझं स्पष्ट मत आहे की टाकू नका. तेवढ्या वाळूने चिकण माती बदलत नाही, पालापाचोळा आणि शेणखत दरवर्षी घालत राहिलं तरच बदलते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत मुळात ही अडचणच नाही, तिथे पाणी झटकन निघून जातं, तिथे खणण्यापेक्षा खतावर जास्त लक्ष द्यायला लागतं.

शेवटी गादीवाफे करा, रुंदी ३ फूट म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो, उंची १५-२० सेंमी, मधे दीड फुटाची वाट. काळ्या मातीत पाणी साचून रोपं पिवळी पडतात ते यानेच टळतं. मग चांगला पाऊस होऊन परत वाफसा आला की बी टाका, आणि तिथून पुढे वाफ्यावर कोणालाच पाय ठेवू देऊ नका, पुढच्या हंगामाला मग अख्खं खणायची पण गरज पडत नाही, वरवर खुरपून खत मिसळलं तरी भागतं.