समासातली टिंबं: स्क्रोल करायची सवय मी कशी मोडली

एका पतसंस्थेच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ माझ्या हाताखालून गेलं आणि त्यावर छापून आलं, 'रौप्यमहोत्सवी वर्धापन दीन'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. पतसंस्थेच्या नावाखाली 'दीन' वाचून ठेवीदारांनी काय समजायचं? दीड हजार प्रती छापून झाल्या होत्या. प्रेसवाल्यांनी रात्रभर बसून प्रत्येक प्रतीवर कागदाची पट्टी चिकटवली. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मी मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची प्रूफं, तपासते. नारायण पेठेत, घरीच, २२ वर्षं. त्या मुखपृष्ठावर जेमतेम सहा शब्द होते. ते बघताना माझ्या डाव्या हातात काय होतं ते मला पक्कं आठवतं. फोन होता, आणि त्यावर एक अनोळखी बाई कोथिंबीर दहा दिवस ताजी कशी ठेवायची ते सांगत होती. आमच्या घरात कोथिंबीर दोन दिवस उरत नाही.

पुढे लिहिलंय ते सगळं मी आधी स्वतःवर करून बघितलं आहे. जे जमलं नाही तेही सांगते.

पहिला आठवडा फक्त मोजायचं

नवशिक्या मुद्रितशोधकाला चूक दिसली की कधी एकदा ती दुरुस्त करतो असं होतं, आणि त्या घाईत तिच्या शेजारची चूक निसटते. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा, आयफोन असेल तर 'स्क्रीन टाइम'. सगळे तिथे तास बघतात. तुम्ही दिवसात किती वेळा फोन उघडला तो आकडा बघा. माझे तास सव्वातीन होते. वाईट वाटलं, पण पटलं. दुसरा आकडा होता ११८. त्यातल्या शंभर वेळा फोन कशासाठी उचलला, हे कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मग मी आणखी एक मोजणी सुरू केली, आणि खरा उपयोग तिचाच झाला. दुरुस्त्या मी लाल पेनाने करते. शेजारी एक शिसपेन्सिल ठेवली. हात फोनकडे गेला, किंवा नुसतं जावंसं वाटलं, की त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने एक टिंब. स्वतःला रागवायचं नाही, टिंब द्यायचं आणि पुढे जायचं. प्रेसला कागद परत करताना खोडरबराने पुसून टाकायची. पहिल्याच फर्म्यात, म्हणजे १६ पानांत, ४१ टिंबं पडली.

तुमच्याकडे मुद्रितं नसतील तर वहीचं मागचं पान चालेल, स्वयंपाकघरातलं कॅलेंडरही चालेल. टिंबं किती पडली याच्याइतकंच ती कुठे पडली तेही बघा. मला वाटलं होतं, रटाळ मजकुरात पडतील. अध्यक्षांचं मनोगत पाच पानांचं होतं, त्यात दोनच. सगळी गर्दी तळटीपा, आकड्यांचे तक्ते आणि एका घराण्याची वंशावळ यांच्यासमोर. म्हणजे डोक्याला जरा जोर द्यावा लागला की हात पळ काढत होता. आणि उरलेली टिंबं पान उलटताना.

पूर्णविराम कुठे गेला

पान उलटतानाच्या टिंबांवरून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. छापील मजकुराला शेवट असतात. वाक्य संपतं, परिच्छेद संपतो, पान संपतं, फर्मा संपतो. प्रत्येक ठिकाणी माणूस क्षणभर मान वर करतो, गॅस बंद केला का ते आठवतो, पाणी पितो. वेबसाइटवरही पूर्वी तळाशी 'पुढचं पान' असायचं. २००६मध्ये अझा रास्किन या डिझायनरने खाली जाल तसा मजकूर आपोआप वाढत राहील अशी रचना केली, आणि तळ नाहीसा झाला. पुढे त्यालाच त्याची खंत वाटली, तसं तो जाहीरपणे बोललाही.

त्यात भर कबुतरांची. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की कधी दाणा मिळतो, कधी नाही, आणि कधी मिळेल ते कळत नाही, अशी व्यवस्था केली की कबुतर चोच मारतच राहतं. दहा रील्स फालतू आणि अकरावी झकास, हा तोच दाणा. टिकटॉकवर बंदी आली आणि लगोलग, जुलै २०२०मध्ये, भारतात रील्स आल्या. तेव्हा प्रेस बंद, मुद्रितं नाहीत, मी घरात. माझी सवय कुठली हे मला महिन्यासकट सांगता येतं.

ग्लोरिया मार्क या अमेरिकेतल्या संशोधक बाई, स्क्रीनवर माणसाचं लक्ष एका जागी किती वेळ राहतं ते वर्षानुवर्षं मोजत आल्या आहेत. २००४च्या सुमाराला सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडे ४७ सेकंद. हा आकडा ऐकला की लोक 'मेंदूच कामातून गेला' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. तीच माणसं तीन तासांचं नाटक जागचं न हलता बघतात. ४७ सेकंदांनी उडी मारायची ही हाताला लागलेली खोड आहे, आणि खोड मोडायची तर हरवलेले शेवट परत जागच्या जागी लावावे लागतात. माझी सगळी पद्धत एवढीच आहे.

फोनवर काय केलं

हे पटकन सांगते, अर्ध्या तासाचं काम आहे.

यूट्यूबची 'वॉच हिस्ट्री' बंद केली आणि आधीची पुसून टाकली. दोन्ही करायचं, नुसती बंद करून भागत नाही. मग उघडल्यावर पहिलं पान कोरं दिसतं. हवं ते नाव टाकून शोधावं लागतं, आणि शोधायला गेलं की बऱ्याचदा कळतं की आपल्याला काही नकोच होतं. इन्स्टाग्रामचं खातं ठेवलं, फोनवरून ॲप काढलं. भाचीचे फोटो रविवारी कॉम्प्युटरवर बघते.

व्हॉट्सॲप काढता येत नाही, माझी मुद्रितंच त्यावर येतात. सोसायटी, शाळेतल्या मैत्रिणी, माहेर, सासर, असे सगळे ग्रुप 'अर्काइव्ह' करून टाकले, आणि नवीन मेसेज आला तरी ते तिथेच राहतील असं सेटिंग ठेवलं. चार माणसांना सांगितलं, घाईचं असेल तर सरळ फोन करा. वहिनींना आधी राग आला. आता त्या फोन करतात आणि आम्ही वीस मिनिटं बोलतो, जे गेल्या पाच वर्षांत झालं नव्हतं.

न जमलेलं: वेळेची मर्यादा. 'आजचा वेळ संपला' असं दिसलं की मीच दोनदा बोट लावून ती वाढवून घ्यायचे. कुलूप माझं, किल्ली माझी. पडदा कृष्णधवल करायचा उपाय खरंच चांगला आहे, चार दिवस हात फिरकला नाही. पाचव्या दिवशी एका अंकाचं रंगीत मुखपृष्ठ बघायला आलं आणि ते सेटिंग काढलं ते काढलंच. तुमचा रंगांशी संबंध नसेल तर जरूर करा.

आणि फोन झोपण्याच्या खोलीतून बाहेर. गजरासाठी लागतो म्हणणाऱ्यांनी गजराचं घड्याळ आणावं, मी अडीचशे रुपयांत आणलं. फोन आता स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी चार्जिंगला असतो. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, आता त्यालाही भूक लागते का?"

परिच्छेद संपेपर्यंत

हा मुख्य व्यायाम. काम करताना फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर ठेवलेला चालत नाही, तो तिथे आहे हे मनाला माहीत असतं. फोन बघावासा वाटला की टिंब द्यायचं, आणि चालू परिच्छेद संपवायचा. बास. परिच्छेद संपल्यावरही बघावासा वाटला तर उठून स्वयंपाकघरात जायचं आणि बघायचा. मनाई नाही. तिथे उभ्यानेच बघायचा आणि तिथेच ठेवून यायचं, एवढी अट. पहिल्या आठवड्यात मी सारख्या फेऱ्या मारत होते. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वेळा नुसतं पाणी पिऊन परत यायला लागले. उठेपर्यंत ती उबळ ओसरलेली असते.

दोन आठवडे परिच्छेद. मग अट वाढवली: पान संपेपर्यंत. मग चार पानं. पूर्ण फर्मा एका बैठकीत वाचायला मला अकरावा आठवडा उजाडला, आणि त्यातही पाच टिंबं होतीच. टिंबं शून्यावर आणायच्या मागे लागू नका. टिंब पडलं आणि तुम्ही जागेवर राहिलात, तर त्या टिंबाने त्याचं काम केलं.

पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावा असं पुष्कळ जण सांगतात. माझ्या उपयोगाचं नाही ते. वाक्याच्या मध्येच घंटा होते, आणि शेवटची पाच मिनिटं मी मजकूर सोडून घड्याळाकडे बघते. शेवट कामातच शोधा. शिवणकाम असेल तर एक बाही. हिशेब असतील तर खतावणीचं एक पान. अभ्यास असेल तर एक गणित, उत्तर ताडून बघण्यासकट. पोळ्या असतील तर कणीक संपेपर्यंत.

अवघड जागी, म्हणजे तळटीपा आणि तक्ते आले की, मी दोन जुनी हत्यारं काढते. एक, लाकडी पट्टी. ओळीखाली धरायची आणि ओळीओळीने खाली सरकवायची. डोळ्याला एका वेळी एकच ओळ दिसली की तो पुढे पळत नाही. दुसरं, मोठ्याने वाचणं. पूर्वी प्रेसमध्ये दोघं बसायचे, एक मूळ प्रत वाचायचा आणि दुसरा मुद्रित बघायचा. वाचणारा विरामचिन्हंसुद्धा म्हणायचा. मीही लक्ष अगदीच लागेना की दोन पानं तशी वाचते: "सन १९६२ मध्ये स्वल्पविराम संस्थेची स्थापना झाली पूर्णविराम." मुलगा अकरावीत आहे. तो म्हणाला, "आई, तू नकाशातल्या बाईसारखी बोलतेस." बोलू दे. स्वतःचा आवाज कानावर पडत असताना मन फार लांब जात नाही.

कामाखेरीज वाचन हवंच. मी सकाळच्या चहाबरोबर दहा पानं वाचते, लाल पेन हातात न घेता. ते शेवटचं मला जड गेलं.

घरातली माणसं

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची बातमी तुम्ही वाचली असेल. २०२२मध्ये तिथे ठरलं की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजणार आणि घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद होणार, साडेआठला पुन्हा भोंगा. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा बोलायचं. मला त्यातला दुसरा भोंगा फार आवडला. बंदी कधी संपणार ते माहीत असलं की माणूस ती पाळतो.

आम्ही घरात तसं ठरवायला गेलो तर पहिली हरकत सासूबाईंची. "सात ते साडेआठ? माझ्या तीन मालिका असतात तेव्हा." मी म्हटलं, "आई, मग तुम्हीच वेळ सांगा." त्यांनी सव्वानऊ ते दहा दिली. भोंग्याऐवजी त्या देवघरातली घंटा वाजवतात. मुलाला मी काही सांगितलं नाही, त्याच्या बापाला सांगितलं. अहोंचा फोन डब्याशेजारी गेल्यावर आठवड्याने मुलाचाही आला, रोज नाही, पण येतो.

घसराल तेव्हा

'२१ दिवसांत सवय मोडा' असं कुठेही दिसलं तर विश्वास ठेवू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नवी सवय अंगवळणी पडायला लागणारे दिवस मोजले होते. मध्यावर येतात ६६, पण कुणाला १८ लागले तर कुणाला २५४पर्यंत लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यांना दिसलं. मला या शेवटच्या वाक्याचा मोठा आधार झाला.

कारण मी घसरले ती विसर्जनाच्या दिवशी. केळकर रस्त्यावर मिरवणूक चालली होती, ढोलाने आमच्या कपाटाच्या काचा थरथरत होत्या, सगळं घर गॅलरीत. आणि मी आत, पिठाच्या डब्यापाशी, उभी राहून फोनवर मिरवणुकीचेच व्हिडिओ बघत होते. अट पाळली होती, उभ्याने बघत होते! चाळीस मिनिटं. सासूबाई पाणी प्यायला आत आल्या, फोनमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "हा गणपती आपल्याच खालून गेला ना आत्ता?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा परिच्छेदापासून सुरुवात केली. फर्म्यावर जायला त्या वेळी नऊच दिवस लागले. तेव्हा दिवाळी अंकांचा हंगाम होता, मुद्रितं गठ्ठ्याने येत होती, त्याचीही मदत झाली असेल.

त्याच प्रेसवाल्यांनी परवा फोन केला, "ताई, मुखपृष्ठ व्हॉट्सॲपवर टाकलंय, बघून लगेच सांगता का?" मी म्हटलं, "कागदावर काढून पोऱ्याबरोबर पाठवा." पाच शब्द होते. पट्टी लावून वाचले, मग शेवटापासून उलटे वाचले. समासात एक टिंब पडलं, ते पुसलं आणि कागद परत दिला.