कॉर्डलेस हॅमर ड्रिल घेताय? या चुका टाळा

हॅमर ड्रिल घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न व्होल्टचा विचारतो आणि दुसरा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा. भिंत कशाची आहे, भोकं किती मिलिमीटरची पाडायची आहेत, रोज पाडायची की वर्षातून दोनदा, हे बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. माझं काम फिटिंगचं. घरातल्या फळीपासून साइटवरच्या पाइपांच्या क्लॅम्पपर्यंत सगळीकडे भोकं पाडावी लागतात, आणि सगळीकडे चुका त्याच दिसतात. त्यातल्या दोन मला फार खुपतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहितो.

हॅमर ड्रिलकडून रोटरी हॅमरचं काम मागणं

दोन्ही मशीन भिंतीत भोक पाडतात, दोन्हींच्या नावात हॅमर आहे, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. आतली रचना मात्र पूर्ण वेगळी आहे.

हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या असतात. ड्रिल भिंतीवर दाबलं की त्या एकमेकींना भिडतात, दातांवरून दात घसरतात आणि बिट (भोक पाडणारी दांडी) पुढेमागे हादरायला लागतं. चकतीला १५ दात असतील आणि ती मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर ठोके झाले ३०,०००. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो आकडा हाच. ऐकायला जबरदस्त वाटतो, पण एकेक ठोका अगदी किरकोळ असतो आणि त्याच्यामागचा जोर तुमच्या खांद्यातून येतो. रोटरी हॅमरमध्ये मोटर एक दट्ट्या मागेपुढे हलवते, मध्ये कोंडलेली हवा दाबली जाते आणि तिच्या जोराने आतला हातोडा बिटच्या पाठीवर आपटतो. मिनिटाला ठोके चार-पाच हजारच, पण छोट्या कॉर्डलेस मशीनमध्येही एकेक ठोका साधारण दीड-दोन जूलचा. तुम्ही रेटा किंवा रेटू नका, ठोका तेवढाच बसतो.

माझ्या ओळखीच्या एकाने नवीन घरासाठी चांगलं १८ व्होल्टचं हॅमर ड्रिल घेतलं. स्वयंपाकघरातल्या फळ्या, आरसा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं एका दुपारी लावून झालं. मग पडद्याच्या दांड्या लावायला खिडकीच्या वर ड्रिल टेकवलं. पहिले दीड-दोन सेंटिमीटर गिलाव्यातून सहज गेले आणि पुढे बिट जागच्या जागी फिरायला लागलं. त्याने अंगाचा भार टाकला. बिटचं टोक निळं पडलं. नवीन बिट आणलं, तेही गेलं. दुकानदाराने सांगितलं, ‘तुमचं मशीन कमी पडतंय,’ आणि जास्त टॉर्कचं दुसरं हॅमर ड्रिल दिलं. तेही तिथेच अडलं. मी गेलो तेव्हा प्रत्येक खिडकीवर अर्धवट भोकांची रांग होती आणि घरातले सगळे त्या आवाजाने वैतागलेले होते. खिडकीच्या वर वीट नसते, लिंटेल असतो, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट. रोटरी हॅमर लावल्यावर तीच भोकं फारसा जोर न लावता काही सेकंदांत झाली. त्याचं पहिलं ड्रिल उत्तम होतं, अजूनही आहे. काम चुकीचं दिलं होतं.

माझा हिशेब साधा आहे. वीट आणि गिलावा असेल तर १० मिलिमीटरपर्यंत हॅमर ड्रिल निवांत चालतं. काँक्रीटमध्ये ६ किंवा ८ मिलिमीटरची मोजकी भोकं त्याच्याकडून करून घेता येतात. बीम, कॉलम, स्लॅब यांत रोज भोकं पाडायची असतील किंवा १० मिलिमीटरच्या वरचे अँकर (भिंतीत रुतणारे जाड बोल्ट) बसवायचे असतील, तर एसडीएस प्लस चकचा, म्हणजे खाचांचं बिट सरकवून अडकवायच्या पकडीचा, रोटरी हॅमर घ्या आणि जास्त टॉर्कच्या हॅमर ड्रिलवर पैसे घालवू नका. टॉर्क फिरवण्याचा जोर आहे, ठोकण्याचा नाही. काँक्रीट ठोक्याने फुटतं, फिरवण्याने फक्त घासलं जातं.

भिंत कशाची आहे ते भोकातली भुकटी सांगते. लाल आली तर मातीची वीट. मऊ, भरभर पडणारी फिकट पावडर आली तर हलका ब्लॉक, तिथे हॅमर बंद करा, नाहीतर भोक ढिलं होतं आणि प्लग (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) धरत नाही. करडी, बारीक आणि अगदी थोडी थोडी आली तर काँक्रीट. पहिल्या दोन सेंटिमीटरला हात थांबवून एवढं बघायचं, पण घाईत असलेले नवखे नेमकं हेच बघत नाहीत.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे तिसरंच मशीन. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात. लांब स्क्रू आवळायला ते उत्तम, भिंतीत भोक पाडायला निरुपयोगी.

बाजूचं हँडल खोक्यातच ठेवणं

या चुकीवर मला राग येतो, कारण इथे नुकसान माणसाच्या हाताचं होतं.

एका साइटवर सिंकखालच्या कपाटात पाइपसाठी भोक पाडायचं होतं. जाड प्लाय, ५० मिलिमीटरची होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी), ड्रिल खालच्या गिअरमध्ये, म्हणजे पूर्ण टॉर्कवर. मदतनीस मुलगा हुशार होता, पण हँडल अडतं म्हणून त्याने ते खोक्यातून कधीच बाहेर काढलं नव्हतं. कपाटात वाकून, एका हाताने, थोडं तिरकं धरून तो भोक पाडत होता. होल सॉ पलीकडे निघता निघता एका बाजूचे दात प्लायमध्ये रुतले. सॉ थांबली, मोटर थांबली नाही, म्हणून अख्खं ड्रिल फिरलं. त्याचा हात ड्रिल आणि कपाटाच्या फळीमध्ये सापडला. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं आणि पुढचे कित्येक आठवडे त्याला काम करता आलं नाही.

आकडे मांडून पाहा. ६० न्यूटन-मीटरचा टॉर्क म्हणजे चकच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर धरलं तर हातावर ३०० न्यूटन, साधारण ३० किलोंचा जोर, तोही अचानक. आणि ६० हा आकडा मध्यम ड्रिलचा झाला. शंभराच्या वर टॉर्क देणारी कॉर्डलेस ड्रिल सर्रास मिळतात. नुसत्या मुठीने धरलं तर तुमचा हात मध्याच्या आणखी जवळ असतो, म्हणजे सगळा जोर मनगटावर येतो. बरेच जण म्हणतात की क्लच आहे ना. स्क्रू आवळायची कॉलरवरची (चकच्या मागच्या फिरत्या रिंगवरची) आकड्यांची क्लच ड्रिलच्या आणि हॅमरच्या खुणेवर काम करत नाही, तिथे ती बंद असते.

म्हणून घेताना मी आधी हँडल पाहतो. ते लांब आहे का, घट्ट बसतं का, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लावता येतं का. मशीन अडकून गर्रकन फिरायला लागलं की मोटर आपोआप बंद करणारी यंत्रणा काही ड्रिलमध्ये येते. साइटवर वापरणार असाल तर तिच्यासाठी जास्त पैसे द्या. माझ्या ड्रिलचं हँडल मी कधीच काढत नाही, पेटीत बसत नसेल तर मोठी पेटी घेतो. होल सॉ वापरताना सगळ्यात खालचा गिअर, कोपर अंगाला टेकवलेलं, आणि सॉ पलीकडे निघायच्या बेताला जोर कमी. शिकणाऱ्या मुलांना मी हँडल लावल्याशिवाय ड्रिल हातात देत नाही.

बॅटरीचे आकडे वरवर वाचणं

१८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स यात फरक नाही. दोन्हींत ५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ३.६ व्होल्टच्या सरासरीने मोजलं तर १८ होतात, नुकत्याच चार्ज झालेल्या सेलचे ४ व्होल्ट धरले तर २०. तसंच १०.८ आणि १२ व्होल्ट मॅक्सचं, तिथे ३ सेल.

खरी गंमत अँपिअर-अवरमध्ये आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की बॅटरीत साठलेली ऊर्जा कळते: १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, ५ अँपिअर-अवर म्हणजे ९०. शिवाय ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा १० सेल असतात, दोन दोनच्या जोड्यांत. त्यामुळे जोराच्या वेळी लागणारा करंट वाटला जातो. लहान बॅटरीत तोच भार ५ सेलांवर पडतो, म्हणून तेच ड्रिल लहान बॅटरीवर दमल्यासारखं चालतं आणि लोक ड्रिलला दोष देतात. घरासाठी २ अँपिअर-अवरची एक आणि ४ किंवा ५ ची एक, अशी जोडी मला पटते. डोक्यावर हात करून काम करताना लहान लावा, भिंतीत भोक पाडताना मोठी.

एकदा बॅटरी घेतली की तुम्ही त्या कंपनीशी बांधले जाता, कारण एकीची बॅटरी दुसरीला सहसा बसत नाही. म्हणून ड्रिल निवडताना त्याच बॅटरीवर ग्राइंडर, करवत, दिवा काय काय मिळतं ते बघून घ्या. स्वस्त नकली बॅटरी घेऊ नका. आत कसले सेल आहेत आणि त्यांचं संरक्षण करणारं सर्किट आहे की नाही, ते बाहेरून कळत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ब्रशलेस मोटर घ्या. तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात, म्हणून ते बदलावे लागत नाहीत आणि त्याच बॅटरीत जास्त काम होतं. वर्षातून चार भोकं पाडणाऱ्याला मात्र साधी मोटर पुरते.

चक १३ मिलिमीटरचा आणि धातूचा असावा. विकत घेण्यापूर्वी त्यात लांब सरळ बिट घालून फिरवून बघा, टोक डोलत असेल तर दुसरं मागा.

टाइलवर हॅमर कधीच नाही. आधी टाइलचं बिट, हळू, पाणी लावत. टाइल पार झाली की बिट बदलून मग हॅमर.

गिअर मशीन थांबल्यावरच बदला.

रंग किंवा टाइलचा चिकट माल कालवायला हे ड्रिल वापरू नका, मोटर जळू शकते.

कानाला आणि नाकाला काहीतरी लावा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही.

भोक पडत नसेल तर

मशीन बदलण्याआधी या क्रमाने बघा. आधी दिशा. ड्रिल उलटं फिरत असेल तर धूर येईल, बिट तापेल आणि भिंतीवर फक्त खळगा पडेल. तक्रार घेऊन आलेल्या ड्रिलचं मी सगळ्यात आधी हेच बटण तपासतो. मग कॉलर खरंच हातोडीच्या खुणेवर आहे का ते. मग गिअर. छोट्या भोकाला वरचा गिअर लागतो, कारण फेरे वाढले की ठोके वाढतात. मग बिटचं टोक. कार्बाइडच्या तुकड्याच्या कडा गोल झाल्या असतील किंवा टोक निळं पडलं असेल तर ते बिट टाका, जोर लावून काही होणार नाही.

ठराविक खोलीवर अचानक अडलं आणि आवाज खणखणीत झाला तर सळई लागली. तिथे रेटायचं नाही, भोक थोडं बाजूला घ्यायचं. बीम-कॉलममधली सळई कापायचा विचारही करू नका.

मध्येच बॅटरीचा दिवा लुकलुकून ड्रिल बंद पडलं तर बहुधा ते बिघडलेलं नसतं. जास्त भार किंवा उष्णता झाली की सर्किट पुरवठा तोडतं. बॅटरी काढून सावलीत गार होऊ द्या. गरम बॅटरी चार्जरवर ठेवली तर बरेच चार्जर ती गार होईपर्यंत थांबतात, त्यालाही लोक बिघाड समजतात.

भोक झालं पण प्लग फिरतोय, तर बहुतेक वेळा आत भुकटी राहिलेली असते किंवा पाडताना ड्रिल हललेलं असतं. बिट फिरतं ठेवून दोन-तीनदा आतबाहेर करा, भुकटी फुंकण्याऐवजी व्हॅक्युमने ओढा, कारण फुंकलेली धूळ थेट डोळ्यांत येते. तरी ढिलं वाटलं तर एक माप मोठं भोक आणि त्याला साजेसा प्लग. काड्या कोंबून स्क्रू आवळलेली फळी मी बऱ्याच घरांत खाली आलेली पाहिली आहे.

बिट भिंतीत अडकलं तर ड्रिल हिसकू नका. दिशा उलट करा, हॅमर बंद करा, खालच्या गिअरवर हळू सोडवत बाहेर घ्या. तरी निघालं नाही तर चक सैल करून ड्रिल वेगळं करा आणि बिट पान्याने धरून फिरवत काढा.