झाडछाटणीचा व्यवसाय: परवानगी, विमा आणि कायदेशीर जबाबदारी

महाराष्ट्रात झाडांची छाटणी व तोडणी करणाऱ्या ठेकेदारासाठी त्या व्यवसायाचा असा वेगळा राज्यस्तरीय परवाना नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खाली कामगारांच्या संख्येनुसार ऑनलाइन सूचना किंवा नोंदणी, लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी, सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेल्यास जीएसटी, एवढ्या तयारीवर काम सुरू करता येते. कंत्राटी कामगारांचा परवानाही 50 कामगारांपासून पुढेच लागतो. नोंदणी इतकी सोपी असल्यामुळे तिच्या जोरावर कोणत्याही झाडाला हात लावता येतो, असा समज या धंद्यात सर्रास आढळतो. तो घातक आहे, कारण कायद्याची खरी परवानगी झाडागणिक घ्यावी लागते.

शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. त्यातील व्याख्येनुसार झाड जाळणे, कापणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे तोडण्यातच मोडते. म्हणून ‘आम्ही फक्त फांद्या उतरवल्या’ हा बचाव टिकत नाही. अर्ज सहसा झाडाचा मालक, म्हणजे सोसायटी किंवा भूखंडधारक, पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना पुरातन वृक्षांचा दर्जा मिळाला असून, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली आहे. त्यामुळे अर्जावरील वयाचा रकाना ठेकेदाराने अंदाजपंचे भरून देऊ नये. शहराबाहेर 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आणि लाकूड हलवायचे असल्यास वनविभागाचा वाहतूक पास, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. सागाच्या बाबतीत तर गाडी भरण्यापूर्वीच.

परवानगीचे पत्र सोसायटीच्या नावे असले तरी करवत आपल्या हातात असते. म्हणून ‘परवानगी आली आहे’ या सेक्रेटरींच्या तोंडी आश्वासनावर काम न करता पत्राची प्रत मागून घ्यावी आणि ते पत्र हातात धरूनच आवारात फिरावे. त्यात ‘गुलमोहर 2, नारळ 1, विस्तार कमी करणे’ असे लिहिले असेल, तर तीनच झाडांच्या बुंध्यांवर खडूने क्रमांक घालावेत, पत्र आणि क्रमांक एकाच चौकटीत येतील असे फोटो काढावेत आणि चौथ्या झाडाची फांदी एखाद्या सभासदाच्या खिडकीत आली असली तरी तिला त्या दिवशी हात लावू नये. पत्राची मुदत आणि अटीही तेव्हाच वाचाव्यात.

परवानगीच्या पत्रामुळे बाकीचे कायदे बाजूला पडत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि घरट्यांना त्रास देणे हेही येते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर 2022 मध्ये रस्ता रुंदीकरणासाठी झाड पाडताना पिल्ले मेली, तेव्हा वनविभागाने गुन्हा नोंदवला होता. मुंबई-ठाण्याकडे बगळ्यांची वीण आणि पावसाळ्याच्या तोंडावरची छाटणीची घाई साधारण एकाच सुमारास येते. म्हणून आदल्या दिवशी दुर्बिणीने शेंडा पाहावा आणि घरटे दिसल्यास काम पुढे ढकलण्याची सूचना लेखी द्यावी. वीजवाहिनीजवळ काम असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद केल्याची खात्री मिळाल्याशिवाय माणूस वर चढवू नये.

सर्वांत मोठी आर्थिक जबाबदारी मात्र आपल्याच माणसांची असते. कामगार नुकसानभरपाईची तरतूद 1923 च्या कायद्यात होती आणि ती आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावली आहे. जुन्या कायद्यातील सूत्र असे आहे की, मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे आणि वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरायचे. तीस वर्षांच्या कामगारासाठी गुणक 207.98 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर व्याज चढते आणि कारण पटण्याजोगे नसेल तर दंडही होऊ शकतो. असा दंड विमा कंपनी सहसा भरत नाही. कामगार दारू प्यायला होता किंवा सांगूनही त्याने सुरक्षा बेल्ट काढला होता, हा बचाव मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास चालत नाही, हे अनेक मुकादमांना ठाऊक नसते. दुसऱ्या मुकादमाची टोळी आपल्या कामावर आणली तरी तिच्या कामगारांची भरपाई आपल्याकडे मागता येते. ती नंतर त्या मुकादमाकडून वसूल करण्याचा हक्क असतो, पण त्याच्याकडे द्यायला काही असेल तरच त्याचा उपयोग. म्हणून टोळी घेण्यापूर्वी तिच्या विम्याची प्रत घ्यावी, नाहीतर तिची माणसे आपल्या पॉलिसीत दाखवावीत.

या जोखमीसाठी कर्मचारी भरपाई विमा घ्यावा. बाजारात त्याला अजूनही ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी’ म्हणतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा 20 रुपयांचा हप्ता प्रत्येक कामगाराने जरूर भरावा, परंतु तिचे दोन लाख मिळाले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. डब्ल्यूसी पॉलिसीच्या प्रस्तावाच्या अर्जातील ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना एजंटवर सोपवू नये. हप्ता कमी बसावा म्हणून तिथे ‘बागकाम’ लिहिले आणि अपघात चाळीस फुटांवर चेनसॉ चालवताना झाला, तर खरे काम लपवले या कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो. ‘दोर व शिडीच्या साहाय्याने उंचावर चढून यांत्रिक करवतीने फांद्या कापणे व खाली उतरवणे’ असे सरळ लिहावे, हंगामात वाढणारी माणसे आणि त्यांची खरी मजुरी दाखवावी, आणि पॉलिसीत उंचीची मर्यादा आहे का, हे विचारून घ्यावे.

फांदी शेजाऱ्याच्या मोटारीवर किंवा वाटसरूवर पडली तर हा विमा उपयोगी पडत नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा वेगळा घ्यावा लागतो. त्याच नावाचा 1991 चा कायदा घातक पदार्थांच्या अपघातांपुरता आहे, त्यामुळे पॉलिसी मागताना घोटाळा करू नये. एका अपघातासाठी किती आणि वर्षभरात किती, या दोन्ही मर्यादा पाहाव्यात. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि ती शिक्षा कोणतीही पॉलिसी भोगत नाही. रस्त्याकडेला दोरी बांधून माणूस उभा करण्याचा खर्च कोटेशनमध्ये म्हणूनच धरावा.

‘झाड कसे आहे?’ या प्रश्नाचे उत्तरही जपून द्यावे. चेंबूरला 2017 मध्ये नारळाचे झाड कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. ते झाड काढण्यासाठी आधी अर्ज झाला होता आणि पाहणीत ते ठीक वाटले होते. म्हणून ‘झाड सुरक्षित आहे’ असे प्रमाणपत्र देऊ नये. पाहणी कोणत्या तारखेला, जमिनीवरून की वर चढून केली, मुळे उघडून पाहिली की नाही आणि काय दिसले, एवढेच लिहावे. कोटेशनमध्ये झाडांचे क्रमांक, कामाचा प्रकार, परवानगी कोणी आणायची, गाड्या कोणी हलवायच्या आणि फांद्या-लाकडाची विल्हेवाट कोणाकडे, हे नमूद करून सोसायटीची सही घ्यावी. सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असल्यामुळे हे कोटेशन, परवानगीची प्रत, फोटो आणि त्या दिवशीचा हजेरीपट किमान तेवढा काळ एकाच फाइलमध्ये ठेवावेत.