एरर नाणं म्हणून जपून ठेवताय? आधी या चुका टाळा

संक्रांतीच्या दिवसांत आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावर फिरताना कुणीतरी ओळखीचं पोर मूठ उघडून पुढे करतं. "काका, बगा की, एका बाजूला काहीच नाही ह्याच्यावर. किती येतील?" मी किंमत सांगत नाही. आधी विचारतो, "यंत्रात हे असं कसं झालं असेल, सांग बरं?"

एरर नाणं ओळखण्याची सगळी किल्ली या एका प्रश्नात आहे. चूक टांकसाळीत झालेली असली तरच ते एरर. टांकसाळीबाहेर पडल्यावर नाण्याचं जे काही झालं, ते नुकसान. त्यामुळे नाणं कसं पडतं हे आधी समजून घ्या. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात, त्यांची कड उचलून घेतात, तापवून मऊ करतात. मग चकती दोन ठशांमध्ये ठेवून जबर दाब देतात. चकती बाहेर पसरू नये म्हणून भोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. खरी चूक यांपैकीच कुठल्या तरी पायरीवर होते: चकती सदोष, ठसा सदोष, नाहीतर ठोका चुकलेला.

त्या पोराचं नाणं स्टीलचा जुना मोठा रुपया होता. १९९२ नंतरचा हा रुपया ४.८५ ग्रॅमचा असतो, त्याचा भरला ४ ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे धातू गेला होता. नाणं दगडावर घासलेलं होतं आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या रेघा दिसत होत्या. वजन न करता निवाडा देणं ही सगळ्यांत मोठी चूक. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा फार महाग नाही, तो घ्याच. ठशाच्या खोबणीत तेल-धूळ साचून अक्षरं पुसट उमटली, तर वजन पूर्ण भरतं. ठोका बाजूला पडून अर्धंच चित्र उमटलं, तरी पूर्ण भरतं. कानशीनं घासलं की कमी. ॲसिडमध्ये बुडवलं की नाणं सगळीकडून सारखं पातळ होतं, वजनही उतरतं, आणि लोक त्याला 'पातळ चकतीचं एरर' म्हणून विकतात.

चंद्रकोरीसारखी कड कापलेल्या नाण्याचं वजन मात्र खरं असलं तरी कमीच भरणार, कारण चकतीच अपुरी होती. तिथे वेगळी खूण बघा. कापलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड बहुतेक वेळा दबकी, विरलेली असते. कड उचलताना त्या जागी समोरून दाब मिळालेला नसतो, म्हणून. कातरीनं किंवा कानशीनं केलेल्या कामात समोरची कड ठणठणीत राहते आणि कापलेल्या जागी धातू ताजा चमकतो.

आता लखी. हा माझा सगळ्यांत आवडता प्रकार आणि फसवणूकही यातच जास्त. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि त्याच्यावरच पुढची चकती येते. मग नव्या नाण्याच्या एका बाजूला नेहमीचं चित्र येतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं, आत खोल गेलेलं. इंग्रजीत याला ब्रॉकेज म्हणतात, आपल्याकडचे जुने संग्राहक लखी म्हणतात. याची नक्कल करायला दोन नाणी फिटरच्या व्हाइसमध्ये घालून आवळतात. उलटा छाप उमटतो खरा, पण त्याच्याखाली मूळ चित्राच्या खुणा राहतात आणि मागची बाजू चेपलेली दिसते. खऱ्या पूर्ण लखीत खालच्या चित्राचा मागमूस नसतो. पहिल्यांदा भिंगातून खरी लखी बघितली तेव्हा माझे हात थरथरत होते, इतकी ती सुबक होती.

दोन्ही बाजूंना छापाच असलेलं, काटा नसलेलं नाणं कुणी दिलं, तर आधी कडेच्या आतल्या बाजूला नखानं चाचपा. बहुतेक ती लेथवर पोखरून एकात एक बसवलेली जादूगाराची नाणी असतात. तिथे सांधा लागतो आणि नाण्याचा नादही बद्द येतो.

अक्षरं दुहेरी दिसली की 'डबल डाय' म्हणून नाचू नका. ठोक्यानंतर ठसा जरासा हलला तर अक्षराच्या शेजारी चपटी पायरी येते आणि मूळ अक्षर तेवढं अरुंद होतं. हे आपल्या नाण्यांवर सर्रास दिसतं, त्याला वेगळी किंमत नाही. ठशातच दुहेरीपण असेल तर दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार असतात आणि टोकाशी फट दिसते.

मुळात चूक नसलेल्या गोष्टींनाच चूक समजणारे तर खूप. सालाखाली काहीच खूण नाही? ते कोलकात्याचं नाणं. हिऱ्यासारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. १८६२ सालच्या व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर जास्तीचे ठिपके दिसतात, तेही मुद्दाम दिलेले. तेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले आणि खरं वर्ष कळावं म्हणून मुंबईच्या टांकसाळीनं ठिपक्यांची युक्ती केली. दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही, म्हणून ते खोटंही नाही आणि एररही नाही. चिन्हच २०१० मध्ये ठरलं, नाण्यावर आलं २०११ पासून. पाच रुपये कधी लोहचुंबकाला चिकटतात, कधी नाही, कारण धातू बदलत गेला. दोनच्या नाण्यावरची क्रॉससारखी रेघ आणि रुपयावरची हाताची मुद्रा हीसुद्धा ठरवून केलेली चित्रं आहेत.

शिवराईबद्दल, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याबद्दल, तर कळकळीनं सांगतो. आपल्या भागात कित्येक घरांत देवघरातल्या डब्यात एखादी शिवराई निघते. 'श्री राजा शिव' अर्धंच आहे, 'छत्रपति'तला 'ति' कडेबाहेर गेलाय, म्हणून तिला एरर ठरवू नका. ती हातानं ठोकलेली आहे. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो. ती ठोकताना कॉलर हा प्रकारच नव्हता. यंत्राच्या नाण्याचे नियम तिला लावणं चूकच.

आणि ती घासू नका. सुरुवातीच्या काळात मी एक दुदांडी (दोन आडव्या रेघांची) शिवराई चिंचेनं लख्ख केली होती. तिच्यावरचा शंभरेक वर्षांचा तपकिरी थर एका दुपारी गेला. आज ती बघवत नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर यांतलं काहीच नको. साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपा, बस्स. एरर नाण्यावर तर ठोक्याच्या बारीक खुणा हाच पुरावा असतो. तोच पुसलात तर पुढे दाखवणार काय? पीव्हीसीच्या मऊ पिशव्याही टाळा, काही वर्षांत त्या नाण्याला हिरवट चिकटा सोडतात.

राम-सीता-हनुमानाचं चित्र आणि १८१८ साल असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी'चं नाणं कुणी आणलं, तर हात जोडून परत द्या. तसं चलन कंपनीनं कधी काढलंच नाही. तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणाऱ्या 'चमत्कारी' नाण्याच्या नावानं जे गंडवतात, त्यांच्या हातातही हेच असतं.

वैष्णोदेवीच्या पाच-दहाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन आला तर तिथेच ठेवा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. घरात खरं एरर सापडलं असं वाटत असेल, तर त्याचं वजन, व्यास, साल आणि टांकसाळीची खूण एका चिठ्ठीवर लिहा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, तसलंच एक साधं नाणं शेजारी ठेवा आणि दोन-तीन जाणत्यांना ही जोडी दाखवा.