गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा: जुन्या ९११, एमजीबी आणि फेरारीवाल्यांनो, या चुका टाळा

जुनी पोर्श ९११ घेतली, दुसरा गिअर टाकताना खर्रर्र झालं की बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो, बॉक्स गेला, उतरवा. मग उतरवल्यावर जे बिल येतं ते बघून गाडीच विकून टाकावीशी वाटते. खरं म्हणजे यातल्या बऱ्याच तक्रारी बॉक्सच्या आतल्या नसतातच हो, क्लच, लिंकेज (दांड्यापासून बॉक्सपर्यंतचे दुवे), तेल नाहीतर चालवणाऱ्याचा हात, यातलंच काहीतरी निघतं, म्हणून बॉक्स खोलणं हे सगळ्यात शेवटचं काम.

पहिली चूक म्हणजे आपल्या गाडीत कुठला बॉक्स आहे हेच माहीत नसणं. ९११ चंच घ्या. १९७१ मॉडेलपर्यंत ९०१ जातीचा बॉक्स, त्याच्या पाच गिअरवाल्या प्रकारात पहिला डावीकडे खाली आणि रिव्हर्स त्याच्या बरोब्बर वर, यालाच डॉगलेग म्हणतात. १९७२ ला ९१५ आला, पहिला नेहमीसारखा डावीकडे वर आणि रिव्हर्स उजवीकडे खाली. १९८७ ला जी५० आला, त्यात हायड्रॉलिक क्लच, बोर्ग-वॉर्नर टाइप सिंक्रो (गिअर टाकताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारी रिंग) आणि रिव्हर्स पुन्हा डावीकडे वर. म्हणजे एकाच गाडीच्या तीन पिढ्या आणि तीन वेगळ्या सवयी. डॉगलेगवाल्या गाडीत सिग्नल सुटल्यावर सवयीने डावीकडे वर टाकलात तर तुम्ही मागे जाणार, मागे बीएमडब्ल्यू उभी असेल तर मग काय बोलायचं. फेरारी ३०८, ३२८ आणि युरोपातली बीएमडब्ल्यू ई३० एम३ पण डॉगलेगच, त्यामुळे घ्यायच्या आधी रिकाम्या जागेत गाडी उभी करून नुसते गिअर टाकून बघा.

आता ९१५, कारण सगळ्यात जास्त रडारड याचीच असते. या बॉक्सला घाई चालत नाही. त्यातले पोर्शच्या डिझाइनचे सिंक्रो आधुनिक गाडीसारखा फटाफट गिअर घेत नाहीत, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं आणि मग हलक्या हाताने पुढे, तो स्वतःच आत ओढून घेतो. लोक मात्र चार बोटांनी दांडा आवळून ढकलतात आणि सिंक्रो घासून टाकतात. उभ्या गाडीत पहिला पडत नसेल तर आधी दुसरा टाका, मग पहिला, जुन्या लोकांची ही ट्रिक आजही चालते.

तरीही खर्रर्र होतंय? मग क्लच तपासा. इंजिन आयडलवर, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, तेव्हा इतकं थांबूनही खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, बॉक्स बिचारा निर्दोष आहे. ९१५ मध्ये क्लच केबलवर चालतो, केबल लांबते, अॅडजस्टमेंट सुटते. आणि १९७८ पासूनच्या ९११ एससी मॉडेलात मूळची रबर सेंटरवाली क्लच प्लेट अजून असेल तर ते रबर तुटून अडकू शकतं, हे ऐकून घाबरू नका पण मेकॅनिकला विचारा नक्की.

मग लिंकेज. दांडा ते बॉक्स यामधल्या प्लॅस्टिक बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) आणि मागच्या सीटजवळ टनेलमधल्या झाकणाखाली असलेला कपलर (दोन दांड्या जोडणारा सांधा), हे झिजले की दांडा ताकातल्या रवीसारखा फिरतो आणि तिसऱ्याच्या जागी पहिला शोधत बसतो. गिअर आपोआप सुटत असेल तरी आधी इथली अॅडजस्टमेंट बघा, आतले दात झिजले असतील तो भाग नंतर. बुश बदलणं म्हणजे फारशी अवघड गोष्ट नाही आणि पैसे पण तुलनेने कमी, पण लोक काय करतात, शॉर्ट शिफ्टर (दांड्याची हालचाल कमी करणारा भाग) लावतात! झिजलेल्या बुशवर शॉर्ट शिफ्टर म्हणजे लिव्हरेज कमी आणि सिंक्रोवर जोर जास्त, माझ्या मते सगळ्यात फालतू खर्च.

आवाजाचं साधं गणित असं, न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर गुरगुर आणि दाबला की बंद, तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

तेल बदलताना एक अक्कल वापरा, आधी भरायचा प्लग सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन प्लग काढा. उलटं केलंत आणि वरचा प्लग जाम निघाला तर रिकाम्या बॉक्सची गाडी गॅरेजमध्ये अडकली. जीएल-४, जीएल-५ या गिअर तेलाच्या दर्जांवरून लोक भांडतात, पण तुमच्या गाडीचं हँडबुक काय म्हणतं तेच ऐका, जास्त घसरडं तेल टाकलं की सिंक्रोला पकडच मिळत नाही.

एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, तिच्या मालकांची चूक इथेच होते. त्या बॉक्सला हँडबुकप्रमाणे इंजिनचंच तेल, २०डब्ल्यू-५०, लागतं. लेकॉक ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरात इंजिनचे फेरे कमी करणारं जोडयंत्र) बसवलेलं असेल तर तो बॉक्सच्याच तेलावर चालतो, आणि लोक त्यात जाड गिअर ऑइल ओततात आणि मग ओव्हरड्राइव्ह लागत नाही म्हणून बोंबलतात. ओव्हरड्राइव्ह घेणं मात्र चांगला पर्याय, हायवेला इंजिनचे फेरे जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होतात. बंद पडला तर आधी वायरिंग, स्विच आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारी चुंबकी खटकी) बघा, तेलाची पातळी बघा. आणि तो लागलेलाच राहिला, सुटतच नाहीये, तर रिव्हर्स घेऊ नका, आतला वन-वे क्लच तुटतो. ही गोष्ट खरंच लक्षात ठेवा.

जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटरवाल्या गाड्यांत पहिल्याला सिंक्रो नव्हताच, १९६४ ला ४.२ आली तेव्हा मिळाला. तेव्हा जुनीत चालत्या गाडीत पहिला हवा असेल तर डबल क्लच (न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा दाबून गिअर टाकणं), आपल्याकडच्या जुन्या ट्रक ड्रायव्हरांना हे सांगायची गरजच नाही. पहिल्या गिअरात ती केकाटते, तो दोष नाही.

फेरारी ३०८ मध्ये थंड असताना दुसरा नाही पडत, तो दोष नसून तेल घट्ट आहे इतकंच, बॉक्स गरम होईपर्यंत पहिल्यावरून सरळ तिसरा टाका.

काही जण ९१५ काढून जी५० बसवायच्या मागे असतात. जी५० निःसंशय सोपा आहे, मान्य. पण जुन्या चासीत तो बोल्ट फिरवून बसत नाही, टॉर्शन बार ट्यूब (मागच्या सस्पेन्शनची आडवी नळी) कापावी लागते, मग कारखान्यातून आलेले मूळ नंबर जुळणारी गाडी राहिली नाही आणि किंमत पण पडते. त्यापेक्षा १९८७ ते ८९ ची ९११ कॅरेरा ३.२ शोधा, किंवा नीट अॅडजस्ट केलेली ९१५ वाली घ्या. ९११ ची टर्बो, म्हणजे ९३०, हवी असेल तर एवढं लक्षात ठेवा की १९८८ पर्यंत त्यात चारच गिअर, पाचवा १९८९ लाच मिळाला, म्हणून त्या एका वर्षाच्या गाड्यांना भाव चढा असतो.

आणि गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड गाडीत दुसरा आणि रिव्हर्स कसे पडतात ते बघा, मग अर्धा तास चालवून पुन्हा तेच करा. गाडी आधीच गरम करून ठेवलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.