चीनमधल्या मानी धर्माबद्दल वाचताय? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे तीन वेगळे धर्म एकाच टोपलीत टाकणं. तांग घराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) पश्चिमेकडून चीनमध्ये नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका चर्चचे) ख्रिश्चन आले, इराणी अग्निपूजक आले आणि मानी या इराणी प्रेषिताचे अनुयायीही आले, त्यामुळे शिआनच्या ७८१ सालच्या शिलालेखाचा फोटो सर्रास मानी धर्माच्या पोस्टला लावलेला दिसतो. तो नेस्टोरियनांचा आहे! मानीचा धर्म ज्ञानवादी (नॉस्टिक, म्हणजे गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते असं मानणाऱ्या) परंपरेतला, प्रकाश आणि अंधार ही दोन मूळ तत्त्वं आणि देहात अडकलेला प्रकाश सोडवायचा, म्हणून त्यांचे पुरोहित मांस खायचे नाहीत, लग्नही करायचे नाहीत.

दुसरी चूक, मूर्ती बुद्धासारखी दिसली की बौद्ध म्हणून मोकळं होणं. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या फूजियान प्रांतात छ्वानझौ शहराजवळ त्साओआन नावाचं छोटंसं देऊळ आहे, तिथली १३३९ ची दगडी मूर्ती नीट बघा, लांब दाढी, खांद्यावर उतरलेले केस, मागे प्रकाशाचे किरण. तो मानी आहे. गावकरी त्याला बुद्ध म्हणून पुजत आले आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, कारण चिनी ग्रंथांतच त्याला ‘प्रकाशाचा बुद्ध’ म्हटलंय.

आणि प्लीज, हे बौद्ध रूप म्हणजे जीव वाचवायला घेतलेलं सोंग होतं असं लगेच लिहू नका. तिसऱ्या शतकात मानी स्वतः भारताच्या बाजूला येऊन गेला होता, बुद्ध, झरथुष्ट्र आणि येशू हे आपल्या आधीचे प्रेषित असं तो मानायचा, म्हणजे बुद्धाशी नातं चीनमध्ये पोचायच्या आधीचंच. ‘खोटे बौद्ध’ हा आरोप ७३२ च्या शाही हुकुमातला आहे, ज्याने चिनी लोकांना हा धर्म बंद केला आणि परदेशी लोकांना चालू ठेवला. विरोधकाचं म्हणणं आपण इतिहास म्हणून कॉपी-पेस्ट का करायचं?

८४३ च्या छळात चीनमधला मानी धर्म संपला हेही चूक. उइघुर या चीनच्या उत्तरेकडच्या तुर्की लोकांच्या खानाने ७६३ च्या सुमारास हा धर्म घेतला होता, त्याच्या वजनामुळे चीनमध्ये देवळं उभी राहिली, ८४० ला उइघुर सत्ता कोसळली आणि तीन वर्षांत छळ सुरू झाला, इथपर्यंत बरोबर. पण दक्षिणेत तो पुढे कित्येक शतकं टिकला, सोंग घराण्याच्या काळातले (९६०–१२७९) अधिकारी ‘भाजीपाला खाणारे भूतपूजक’ म्हणून अशा लोकांवर तक्रारी लिहीत बसलेत. फक्त त्या शिक्क्यात इतरही पंथ यायचे, म्हणून ११२० चं, फांग ला नावाच्या पुढाऱ्याचं बंड सरळ मानीच्या खात्यावर टाकू नका. मिंग (म्हणजे ‘प्रकाशमान’) घराण्याचं नाव मानी धर्मावरून आलं असं म्हणतात, त्याचंही तेच, थिअरी भारी आहे पण पुरावा कच्चा.

तक्रारींपेक्षा त्यांचं स्वतःचं लिखाण आधी वाचा, वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतली स्तोत्रं आणि २००८ पासून फूजियानच्या शियापू भागात सापडत गेलेल्या पूजाविधींच्या पोथ्या.