तंग आवळताना घोडी चावायला येते, पाठ दबवते: माझा अनुभव

खोगीर ठेवलं की आमची घोडी पाठ खाली दबवायची आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकून चावायला यायची. माथेरानच्या उतारावर पावलं आखूड पडायची. नाल बदलले, खोगिराखाली जाड घोंगडी घातली, विश्रांती दिली, फरक शून्य. मुक्या जनावराला दुखतंय आणि कुठे ते कळत नाही, याने जीव कासावीस व्हायचा.

डॉक्टरांनी दात, पाय, पाठ तपासली. हे आधी कराच, कारण ताप, जखम किंवा ताजी सूज असेल तर मालिश करू नये. दुखणं स्नायूंचं निघालं. खोगिराचा दाब एकाच जागी येत होता, जाड घोंगडीने तो वाढलाच होता. खोगिराच्या आतलं भरण नीट करून घेतलं.

मग रोज काम संपल्यावर, अंग उबदार असतानाच मालिश: आधी खरारा. मग सपाट तळव्याने मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत केसांच्या दिशेने हलके हात. त्यानंतर मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूवर मनगटाजवळच्या तळव्याने सावकाश गोल दाब. मणक्याच्या हाडावर अजिबात नाही. कातडी थरथरली किंवा घोडी सरकली, की दाब कमी करून हात तिथेच टेकवून ठेवायचा. ती मान खाली सोडते, ओठ चाटते, जांभई देते, मगच पुढे. शेवटी कोपरामागची तंगाची जागा, अगदी हलक्या हाताने. नंतर सपाटीवर दहा मिनिटं मोकळं चालवायचं.

आता ती शांत उभी राहते. तंग मात्र अजूनही टप्प्याटप्प्यानेच आवळतो.